ओव्हनला लावलं ग्रीस

बसा असं. आन् ऐकायच्या आधी पैज लावा. एक इजेवरचा ओव्हन, एक ग्रीसची गन, एक शर्यतीचा बैल आन् मी. ह्या चौघांत शेवटाला कुणाला भोगाय लागलं, ते आत्ताच वळखून दाखवा. बैलाला, व्हय? समदी बैलच म्हणत्यात. ऱ्हाऊ द्या तसंच मनात.

मी हे कुणाला सांगणार नव्हतो. पर आमच्या शिरूर तालुक्यात बातमी म्हंजी फुटलेला पाट, कुठनं तरी वावरात शिरतीच. मंग दुसऱ्याच्या तोंडनं तिखटमीठ लावून ऐकण्यापरीस माझ्याच तोंडनं ऐका. तिखटमीठ मी लावतो.

आमची सून सोनाली, दौंड तालुक्यातली, यवतची. तिला केक करायचा लई नाद. म्हणून तिच्या बापानं, म्हंजी आमच्या व्याह्यानं, लग्नात तिला ओव्हन दिला. मांडवात लोकं इचारायची, "तात्या, ही तिजोरी एवढी बारकी का वो?" म्या म्हणायचो, "त्यांच्याकडची हाय, बेतानंच असायची." आता व्याह्याची चेष्टा करायची न्हाई तर व्याही करायचा कशाला?

आन् धंदा बी तिनं बराबर वळखला. आमच्या बाजूला माणूस आता वाढदिवसासाठीच जन्माला येतो. पोरांचं वाढदिवस झालं, पुढाऱ्यांचं झालं, पुढाऱ्यांच्या ड्रायव्हरचं झालं. एकानं तर जेसीबीचा केला, बकेटात केक ठिवून. आता बैलांचं चाललंय. शर्यतीत गाजलेला बैल असला की त्याचा फ्लेक्स, डीजे, केक. मला माझी जन्मतारीख म्हाईत न्हाई, आई सांगायची बाजरी खुडायला आली व्हती तवाचा. बैलाची मात्र तारीख चौकात, लायटिंगसकट.

तर आमच्या गावचा बाळूशेठ. त्याला झेडपीला उभं ऱ्हायचंय, आन् त्याचा बैल पायलट. लोकं बाळूशेठला वळखत न्हाईत, पायलटला वळखत्यात. म्हणून पायलटच्या वाढदिवसाला अख्खी पंचक्रोशी जेवाय बोलावली. केकची ऑर्डर सोनालीला. मोठा, तीन मजली, वरती बैलाचं चित्र.

सोनालीला शिक्रापूरच्या रस्त्याला गाळा घ्यायचा व्हता. केकचं दुकान. पोरगा माझा सणसवाडीत कंपनीत, त्यो म्हणायचा तात्यांना इचार. तिनं मला इचारलं. आन् मी? मिशीला पीळ दिला आन् अट घातली.

"पायलटचा केक नीट झाला, समद्यांनी नाव काढलं, तर गाळा. न्हाईतर ओव्हन माळ्यावर, आन् तू आमच्यासंगं कांदा निवडाय."

"चालंल तात्या," ती म्हणली. पोरगी धीराची.

पर ओव्हन तवर म्हातारा झालता. खालचा रॉड जळालेला, म्हणून केक वरनं लालबुंद आन् खालनं पिठलं. दाराची स्प्रिंग ढिली, दार लागायचं न्हाई, त्याला वरवंट्याचा टेकू. दाराचं रबर चिरलं व्हतं, त्यातनं वाफ बाहीर यायची आन् मांजर थंडीत तिथंच झोपायचं. बटण तर लग्नातल्या आचाऱ्यावानी, तुम्ही काय बी सांगा, त्यो त्याच्या मनानंच तापणार.

सोनालीनं बापाला फोन केला. व्याह्यानं मला फोन द्यायला लावला.

"तात्या, यवतचा मेकॅनिक धाडतो. चांगला हाय. तुमच्या बाजूला असलं कुणाला जमत न्हाई वाटतं."

बगा. ते शेवटचं वाक्य बोलायची गरज व्हती का? आज शिरूरच्या घरात दौंडचा मेकॅनिक येणार, उद्या म्हणतील तुमच्या वावराला पाणी बी आम्हीच सोडतो.

म्या म्हणलं, "व्याहीबुवा, पाणबुडी मोटारी मी इहिरीच्या कडंला बसून खोलल्यात. ही तर पेटी हाय. मेकॅनिक तुमच्याकडं ठिवा, तुमच्या जावयाच्या मागनं तुम्हाला लागंल."

"तुमचा जावई न्हाई, माझा," त्यो म्हणला.

"तेच म्हणतोय," म्हणून म्या फोन ठिवला. काय म्हणलो मला बी कळलं न्हाई. पर फोन मी आदी ठिवला, हे महत्त्वाचं.

दुसऱ्या दिवशी सणसवाडीला गेलो. तिथं कामगारांच्या खोल्यांच्या पुढं एक सामानाचं दुकान हाय, मिक्सरपासनं गिझरपातूर समद्याचं पार्ट. दुकानदार उत्तरेकडचा.

"कौन सा मॉडेल है, चाचा?"

"पांढरा."

"मॉडेल, चाचा. नंबर."

म्या पिशवीतनं जळका रॉड, चिरलेलं रबर आन् ढिली स्प्रिंग काढून गल्ल्यावर मांडली. "ये हय उसका खानदान. इसके जैसा दे दो."

त्यानं समदं जुळवून दिलं. रॉड, रबर, स्प्रिंग, बटण. आन् वरनं सल्ला. "किसी मिस्त्री से लगवा लेना."

"हमच मिस्त्री हय," म्या म्हणलं. "हमने थ्रेशर चालू असताना उसका पट्टा बदल्या हय."

त्यो माझ्या हातांकडं बघाय लागला. बोटं मोजत असंल.

घरी आलो, वटीवर पोतं अंथरलं, ओव्हन पालथा घातला. हिला, म्हंजी आमच्या मंडळीला, सांगितलं पिन काढ आन् पिनेपाशीच बसून ऱ्हा, कुणाला हात लावू द्यायचा न्हाई. तेवढी अक्कल हाय मला. इजेशी चेष्टा न्हाई. बाकी समद्यांशी हाय.

आता खोटं कशाला बोलू, काम लई चांगलं झालं. रॉड बराबर खाचंत बसला. रबर दाराला चिकाटलं. बटण टच्च. सोनाली उभी ऱ्हाऊन बघत व्हती.

"तात्या, हे दोन स्क्रू उरल्यात."

"उरणारच. मशीन खोलून परत बसवलं आन् काय उरलंच न्हाई, तर त्यो मिस्त्री कसला? कंपनी जादाच घालती."

तिनं दोन्ही स्क्रू डबीत टाकून ठिवलं. हितपातूर समदं ठीक. हितंच थांबलो असतो तर आज तुम्हाला सांगाय काय बी नव्हतं.

पर नव्या स्प्रिंगनं दार उघडलं की आवाज यायचा. कर्र. परत झाकलं, कर्र. आन् शेतकऱ्याच्या कानाला कर्र म्हंजी काय? म्हंजी मशीन वंगण मागतंय. आमच्याकडं ट्रॅक्टर असू द्या, थ्रेशर असू द्या, रसवंतीचा चरक असू द्या, नवा पार्ट बसवला की पयली पूजा नारळाची आन् दुसरी ग्रीसची. बिनग्रीसचं मशीन म्हंजी बिनतेलाचं पोर, सर्दी व्हणारच.

म्या ट्रॅक्टरच्या खोक्यातनं ग्रीसची गन आणली. दाराच्या दोन्ही बिजागऱ्यांत दोन दोन दाब. जाळी सरकती त्या खाचांत बोटानं. स्प्रिंगला सढळ हातानं. बटणाच्या मागं थोडं. नव्या रबराला पातळ हात, चिरू नये म्हणून. आन् शेवटाला रॉड. रॉडवर ग्रीस लावायचं न्हाई एवढं मला बी कळतं.

त्याला ऑइलचा बोळा फिरवला. गंजू नये म्हणून.

दार उघडलं. आवाज न्हाई. लोण्यात सुरी फिरावी तसं दार. म्या पिन लावली, रॉड लाल व्हाय लागला तसं लगीच बंद केलं. ही म्हणली, "बाई, चाललं की वो!" माझी छाती एवढी फुगली की सदऱ्याचं बटण त्या स्क्रूंच्या संगतीला गेलं असतं.

वाढदिवसाच्या दिवशी सकाळी सोनालीनं पयला थर आत लावला.

जरा वेळानं सैपाकघरातनं निळा धूर. हलका, नागमोडी. वास असा, जसा चढाला ऊस भरून चाललेला ट्रॅक्टर. ही परसातनं वरडली, "अवो, ट्रॅक्टर घरात घेतला का काय?"

सोनालीनं मला हाक मारली. "तात्या, कसला वास येतोय?"

हितं मी खरं सांगू शकलो असतो. पर माझ्या डोक्यातच आलं न्हाई की वास माझा हाय. मला वाटलं रॉडचा. म्या ठोकून दिलं, "नवं पार्ट हायत. नवी नवरी बी आठ दिस माहेरचा वास घिऊन फिरती. जाईल."

"पर केकला लागला तर?"

"केकला कसा लागंल? केक आत हाय."

"वास बी आतच हाय, तात्या."

म्या म्हणलं मला बांधावर काम हाय, आन् निघालो.

तिनं केक पालथा करून बघितला तर वरनं लाल, खालनं लाल, समदीकडं सारखा भाजलेला. असला सुरेख केक त्या ओव्हनातनं कवा निघालाच नव्हता. दिसायला. वासासाठी तिनं व्हनिलाची बाटली उपडी केली, अननसाचं पाणी घातलं, मलईचा जाड थर दिला. परत करायला टाइम नव्हता, दुसरा ओव्हन गावात नव्हता. वरती पायलटचं चित्र काढलं, शिंगं, झूल, समदं. मी बघितलं तर चित्रातला बैल माझ्याकडं बघून नाकपुड्या फुगवतोय असं वाटलं. तवा वाटलं कलाकारी हाय.

संध्याकाळी बाळूशेठच्या मळ्यात ही गर्दी. फ्लेक्सवर मधी पायलट, बाजूला 'घाटाचा राजा' (घाट म्हंजी आमच्याकडं बैलांच्या शर्यतीचं मैदान), आन् खाली शुभेच्छुक म्हणून पन्नासएक तोंडं. त्यातली निम्मी मी वळखत न्हाई, आन् निम्म्यांना पायलट वळखत नसंल. डीजे एवढा मोठा की शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी आटल्या.

पायलट मात्र झकास. नवी झूल, शिंगांना रंग, गळ्यात हार. अंगावरनं माशी घसरून पडावी. येत्या रविवारी त्याची मोठी शर्यत व्हती, म्हणून बाळूशेठ त्याला फुलावानी जपत व्हता. सोनाली पदर नीट करून केकच्या बाजूला उभी. चेहरा कसा, तर दहावीच्या निकालाला बसल्यावानी.

केक कापला. पयला तुकडा बाळूशेठनं स्वता हातात घेतला आन् पायलटच्या तोंडापुढं धरला. समद्यांचं मोबाइल वर.

पायलटनं नाक पुढं केलं. वास घेतला.

मान फिरवली.

"लाजतोय," कुणीतरी म्हणलं. बाळूशेठनं दुसऱ्या बाजूनं धरला. पायलटनं परत हुंगला, फुर्रर्र करून अशी शिंक दिली की बाळूशेठच्या पांढऱ्या सदऱ्यावर मलईचं ठिपकं. तिसऱ्यांदा धरला तर गडी दोन पावलं मागं सरला आन् खाली मुंडी.

डीजे बंद पडला. म्हंजी बंद केला.

"पायलट तोंड लावंना," बाळूशेठचा आवाज बारीक झाला. "गूळपोळीचं ताट एका दमात संपवणारा बैल. रविवारी शर्यत हाय, आन् ह्यो तोंड लावंना."

मागनं एक जण म्हणला, "शेठ, केकमधी कुणीतरी काहीतरी घातलंय."

झालं. एवढं पुरतं आमच्याकडं. गेल्या घाटात हरलेल्या बैलवाल्याचं नाव निघालं. त्याचा माणूस परवा यष्टी स्टँडवर दिसला व्हता, हे निघालं. करणी निघाली, इख निघालं. मंग कुणीतरी म्हणलं, "पर केक केला कुणी?"

आन् समद्या माना सोनालीकडं फिरल्या.

पोरीचा रंग उडाला. बाळूशेठ तिच्याकडं वळला. "ताई, केक करताना घरात कोण कोण व्हतं? खरं सांगा. माझ्या जनावराला काय झालं तर मी बघून घिईन."

तिनं माझ्याकडं बघितलं. नुस्तं बघितलं. आन् तवाच माझ्या नाकात त्यो वास गेला. मलईखालनं, अननसाखालनं, व्हनिलाखालनं. आन् मला उमगलं ह्यो रॉडचा वास न्हाई. ह्यो आमच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा वास हाय.

म्या पुढं झालो. म्हणलं गाळा गेला खड्ड्यात, पोरीवर आळ नको. मोठ्यानं म्हणलो, "शेठ, तिचा काय बी दोष न्हाई. ओव्हनला म्या ग्रीस लावलं."

आन् मंग समदी हसाय लागली. खदाखदा. डीजेवाला बी हसला.

"तात्या, ह्यो टाइम हाय का चेष्टेचा?" बाळूशेठ म्हणला.

"चेष्टा न्हाई, आईशप्पत. बिजागऱ्यांत दोन दोन दाब मारलं. गननं."

"गननं!" मागचा एक जण पोट धरून खाली बसला. "केकला ग्रीसिंग. तात्या, ऑइल फिल्टर बी बदलला का?"

बाळूशेठनं हात जोडलं. "तात्या, गेल्या साली तुम्ही माझ्या प्रचाराच्या जीपवर 'विकणे आहे'ची पाटी लावली. मी काय बोललो न्हाई. पर आज नको."

आता काय करणार? जन्मात पयल्यांदा चारचौघांत खरं बोललो, आन् एक माणूस इश्वास ठिवंना. खोटं बोललो तवा मात्र समद्या गावानं ठिवला व्हता. ती जीप घ्यायला नगरवरनं गिऱ्हाईक आलतं.

"बरं," म्या म्हणलं, "माझं ऐकू नका. पर केकात इख असंल तर खाणारा मरंल का न्हाई? आणा हिकडं."

आन् बैलाच्या वाट्याचा तुकडा म्या उचलला. तुकडा म्हंजी तुमच्या आमच्यासारखा न्हाई. बैलाचा तुकडा. परातभर.

पयला घास मलईचा. बरा लागला. दुसऱ्या घासात केक आला. कसा लागला? कवा गिअरबॉक्समधी अननस टाकून खाल्लाय का? न्हाई ना. मंग कसं सांगू.

पर सोनाली बघत व्हती. म्या हसलो. दातांवर ग्रीसचा थर आसतानी हसलो. आन् नुस्तं खाल्लं असतं तरी चाललं असतं, पर ह्या तोंडाला खाताना बी गप बसवत न्हाई.

"आरं, मी घरी रोज ह्योच केक खातो," म्या म्हणलं. "सकाळ-संध्याकाळ. भाकरी सोडलीय म्या."

माझी बायको बायकांत बसली व्हती. तिनं डोक्याला हात लावला.

परात रिकामी केली. समदा गाव माझ्याकडं बघतोय, कवा पडतोय म्हणून. एक जण तर खुर्ची जवळ वढून निवांत बसला, टीव्हीपुढं बसल्यावानी. मी पडलो न्हाई. नुस्ता एक ढेकर आला, तर शेजारचा गडी म्हणला, "कुणाची तरी गाडी चालू ऱ्हायलीय बगा बाहीर."

तेवढ्यात जनावरांचं डॉक्टर आलं, बाळूशेठनं फोन करून बोलावल्यालं. त्यांनी पायलटचं डोळं बघितलं, पोटाला कान लावला, जीभ बघितली. मंग केकचा वास घेतला आन् रुमालानं नाक पुसलं.

"बैल ठणठणीत आहे," ते म्हणलं. "शहाणा आहे, म्हणून खात नाही. अहो, मैदा, साखर, मलई हे काय जनावराला द्यायचं असतं? द्यायचंच असेल तर भरडा द्या, गूळ द्या, सरकीची पेंड द्या. एवढी गोष्ट बैलाला कळते."

"म्हंजी इख न्हाई?" बाळूशेठ.

"विष असतं तर तात्या बसले नसते."

बाळूशेठचा जीव भांड्यात पडला. डीजे चालू. केकचं तुकडं वाटलं. बाळूशेठनं पयला घास तोंडात टाकला. त्याच्या भुवया वर गेल्या, खाली आल्या, परत वर गेल्या. मला वाटलं मेलो. पर कॅमेरा चालू व्हता, आन् झेडपीला उभं ऱ्हाणाऱ्या माणसाला थुकता येत न्हाई.

"टेस्ट... वेगळी हाय," त्यो म्हणला.

मंग काय? शेठ म्हणलं वेगळी, की पन्नास शुभेच्छुक म्हणलं वेगळी.

"लईच वेगळी, शेठ!"

"पुण्यात मोठ्या हाटेलात असला धुराचा केक मिळतो. भाच्यानं सांगितलंय मला."

"रेट बी तसाच घेत्यात तिथं."

एक जण तर दुसऱ्यांदा घ्यायला आला. मी त्याच्याकडं बघत ऱ्हायलो. एका माणसाच्या तिकिटाच्या आशेवर दुसरा माणूस काय काय गिळतो, हे म्या त्या दिवशी डोळ्यानं बघितलं. तिथं खरं तोंड एकच व्हतं, आन् ते दाव्याला बांधलेलं.

घरी आल्यावर सोनालीनं बॅटरी घेतली, ओव्हनच्या बिजागरीत बोट घातलं आन् ते बोट माझ्यापुढं धरलं. काळं.

"तात्या. म्हंजी तुम्ही तिथं खरं बोलत व्हता?"

"तेच तर म्हणत व्हतो."

ती रागावंल वाटलं. ती हसाय लागली. डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसली. मंग म्हणली, "समद्यांनी नाव काढलं. गाळा ठरला ना?"

दिलेला शब्द. ठरला. यवतचा मेकॅनिक शेवटाला आलाच. त्यानं ओव्हन खोलला, सोडा-लिंबानं समदं ग्रीस काढलं, आन् उरलेलं दोन्ही स्क्रू ज्या जागी बसवलं ती जागा मला बोट ठिवून दाखवली. व्याह्याचा फोन आला, तर तात्या घरी न्हाईत असं सांगितलं. मीच सांगितलं.

तुम्हाला वाटलं संपलं? मला बी वाटलं.

रविवारी पायलट शर्यतीत पयला आला. आता बैल चांगला, घाट वळखीचा, त्याला रोज खुराक. पर असलं कारण कुणाला पायजे असतं? कुणीतरी म्हणलं, बैलाच्या वाट्याचा पयला घास तात्यानं खाल्ला, बैलावरची समदी इडापिडा तात्यानं गिळली, म्हणून बैल पळाला. झालं की. आठ दिसांत ह्यो शिरूर तालुक्याचा धरम झाला.

पयला बैलवाला सोनालीकडं आला. "ताई, आमच्या रॉकेटचा वाढदिवस हाय. केक तुमचा. पर तात्या येणार आसतील तरच."

मी म्हणलं, "मी न्हाई येत."

"मंग ऱ्हाऊ द्या ताई. दुसरीकडं बघतो."

सोनालीनं माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी मळ्यात बघितलं व्हतं, तसंच. नव्या गाळ्याचं डिपॉझिट भरल्यालं, शटरला रंग दिल्याला, वरती पाटी. काय करता? गेलो. जीप आली घ्यायला, गळ्यात हार, फेटा. बैलापुढं उभं केलं.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, ओव्हन धुतला, ग्रीस गेलं, सुनंचा गोड केक खायाचा, वर फेटा. मला बी तसंच वाटलं व्हतं. पर आमची सून शिकलेली. डॉक्टरचं बोलणं तिनं ध्यानात ठिवलं व्हतं. मैदा बंद, साखर बंद, मलई बंद. खास बैलांसाठी केक काढलाय तिनं. मक्याचा भरडा, गव्हाचा भुसा, गूळ, मिठाचा खडा आन् वरनं सरकीची पेंड. बैल जीव टाकत्यात त्याच्यावर. पायलटनं तर परातीसकट चाटला.

पर रीत म्हंजी रीत. बैलाच्या आधी पयला घास तात्याचा.

दुकान झकास चाललंय. शर्यतींचा सीझन हाय, रोज कुठं ना कुठं एखादा बैल जन्माला आलेलाच असतो. काल ही मला म्हणली, "अवो, सकाळधरनं गप का बसलाय? एवढी बडबड करणारा माणूस तुम्ही, काय तरी बोला की."

म्या हातानंच खूण केली, जरा दम धर. तोंडात रवंथ चालू व्हता.